फरकसरांच्या घरची वाक्यं

गावात इंग्रजी शिकवणाऱ्यांना काही तोटा नव्हता, पण फरकसर एकच. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते पोस्टमनशिवाय कोणी वाचत नसे. सरांचं सगळं शिकवणं एकाच प्रश्नावर चालायचं: फरक काय? हिअर म्हणजे ऐकणं, लिसन म्हणजेही ऐकणं, मग फरक काय? हाऊस म्हणजे घर, होम म्हणजेही घर, मग फरक काय? आपलं जिथे एका शब्दात भागतं तिथे इंग्रजीला दोन-दोन, तीन-तीन लागतात, त्यात पुन्हा एकेका शब्दाला चार-चार अर्थ, आणि तुम्ही चुकीचा उचललात की समोरचा तोंडावर काही बोलत नाही, मनातल्या मनात हसतो, असं सर सांगायचे. आपल्याला कोणी हसेल याची त्यांना फार धास्ती. दुसऱ्याला हसलेलं मात्र चालायचं.

अशा या सरांच्या लेकीला आईचा फोन आला, तेव्हा ती कुणा आजोबांची कवळी घासत होती. दंतवैद्यांना दात बनवून देणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती कामाला होती. दिवसभर प्लास्टरचे साचे, मेण आणि घासायचं यंत्र. फोन खांद्याने कानाशी दाबून ती म्हणाली, "हं, बोल गं."

"अगं, बाबांनी क्लास बंद करायचं ठरवलंय," आई म्हणाली. "आणि जुनी पोरं मिळून मोठा कार्यक्रम करतायत, शाळेच्या हॉलमध्ये! मलाही बोलावलंय, अगदी पहिल्या रांगेत. तू यायचंस. आणि हे बघ, माझ्या शेजारीच बसायचं. ती सगळी इंग्रजीत बोलणार, मला मेलीला काय कळणार त्यातलं? तू कानात सांगत राहा."

"आई, तू कशाला जातेस? गर्दी, उकाडा. मी नंतर सांगेन की सगळं."

"वा गं वा! जन्मभर त्या पोरांना पाणी दिलं, आणि आता म्हणे कशाला जातेस. ते काही नाही. माझ्या शेजारी बसायचं."

आईच्या आवाजात आनंद नुसता ओसंडत होता, निदान लेकीला तरी तसं वाटलं. हातातली कवळी यंत्राला जास्त लागली आणि आजोबांची एक दाढ अर्धी झाली. ती तिला पुन्हा बनवत बसावं लागलं.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं.

सर पुस्तकातली वाक्यं कधी देत नसत. पुस्तकातली वाक्यं मेलेली असतात, म्हणायचे. वाक्य घरातलं हवं, म्हणजे पोरांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसतं. आणि सरांचं घर म्हणजे काय, तर बायको आणि एक मुलगी. तेव्हा शब्दांची जोडी कुठलीही असो, फळ्यावरचं वाक्य 'माय वाइफ'वर येऊन थांबायचं.

"माय वाइफ हिअर्स मी, बट शी नेव्हर लिसन्स." म्हणजे माझं बोलणं बायकोच्या कानावर पडतं, पण डोक्यात काही शिरत नाही. हशा.

"माय वाइफ लुक्स ॲट द न्यूजपेपर. आय रीड इट." ती पेपराकडे बघते, वाचतो मी. पुन्हा हशा.

मग इनएक्स्पेन्सिव्ह आणि चीप. दोन्ही स्वस्तच, फरक काय? पहिला नुसता किमतीने कमी. दुसरा किमतीनेही कमी आणि दिसायलाही हलका. "माय वाइफ्स ड्रेस वॉज इनएक्स्पेन्सिव्ह. ऑन हर, इट लुक्स चीप." कपडा बिचारा नुसता स्वस्त होता, हिच्या अंगावर गेला आणि हलका दिसायला लागला. यावर तर पोरं बाकं बडवायची.

आणि सगळ्यांत गाजलेलं ते घराचं. "आय हॅव अ हाऊस. व्हेन माय वाइफ गोज टु हर मदर, आय हॅव अ होम." हाऊस म्हणजे विटांचं घर. होम म्हणजे जिथे जिवाला बरं वाटतं ते. बायको माहेरी गेली की मग आमच्या विटांचं घर होतं, काय समजलात?

पोरं समजायची. शिकवण्यात खोट नव्हती, कुणी शपथेवर विचारलं तरी हेच सांगावं लागेल. त्या वाक्यांवर शिकलेली पोरं कुठच्या कुठे गेली, मोठमोठ्या खुर्च्यांवर बसली, आणि त्यांतल्या एकाचाही हिअर-लिसनचा घोळ कधी झाला नाही.

क्लास भरायचा घराच्या पुढच्या खोलीत. तिच्या मागे स्वयंपाकघर, आणि दोहोंच्या मध्ये प्लायवूडची भिंत. भिंत आपली म्हणायला. इकडे खडू पडला तर तिकडे कळायचं. आई तिकडे भाजी चिरता चिरता सगळं ऐकायची. इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं, पण माय वाइफ म्हणजे आपण, एवढं तिला कळलं होतं. माय वाइफ झालं की हशा व्हायचा. मग ती हात पुसत, पाण्याचा जग नि पेले घेऊन दारात यायची, ओठांवर छानसं हसू घेऊन. तिला असं नेमकं हसत आलेलं बघून पोरं आणखीच फिदीफिदी करायची, आणि तीही मग आणखी हसायची.

नव्या नवलाईच्या दिवसांत तिने सरांना एकदा विचारलं होतं, "माझ्यावरून काय सांगता हो त्यांना?" सर म्हणाले होते, "तुझं कौतुक करतो." ही गोष्ट आई लेकीला हजारदा तरी सांगून चुकली होती. "घरात एक चांगला शब्द तोंडातून निघायचा नाही, पण बाहेर बघ कसं कौतुक करतात! हो की नाही गं?" असं म्हणून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहायची. लेक म्हणायची, "हो गं आई."

लेक बारा वर्षांची झाली तेव्हा सरांनी तिला क्लासात बसवलं. पहिल्याच आठवड्यात हाऊस-होम झालं. वाक्य संपलं आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, ही काय करते बघायला. ती हसली. न हसून सांगते कुणाला! बाकीच्यांपेक्षा थोडी जोरातच हसली. पुढच्या आठवड्यात तिचा नंबर लागला. स्लो. घड्याळ मागे पडतं तेही स्लो आणि माणूस डोक्याने मंद असतो तोही स्लो, एक शब्द, दोन अर्थ. "द क्लॉक इज स्लो. माय डॉटर इज स्लो." त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तिला कोणी नावाने हाक मारली नाही. घड्याळच म्हणायचे. तेही तिने गिळलं. पण एक गोष्ट तिने तेव्हाच ठरवली, की आईला हे काय चाललंय ते कधी म्हणजे कधी कळता कामा नये. ज्या बाईला आयुष्यात एवढं एकच कौतुक मिळालंय, ते तिच्या हातातून काढून घ्यायचं कशाला?

आणि आता ती बाई पहिल्या रांगेत बसून, लेकीच्या तोंडून, एकेका वाक्याचा अर्थ विचारणार होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेक घरी आली आणि पिशवी टाकून आधी औषधवाल्याकडे गेली. औषधवाला म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी, कोपऱ्यावर त्याचं दुकान, आणि कार्यक्रमाची सगळी उठाठेव त्याचीच. तिला बघून त्याचा चेहरा फुलला.

"अरे, घड्याळ आलं! ये, ये. तुला म्हणून सांगतो, सरांना बोलू नकोस. शेवटी काय करायचंय माहितेय? सगळ्या हॉलने उभं राहायचं आणि सरांची वाक्यं एका सुरात म्हणायची. हिअर-लिसनपासून हाऊस-होमपर्यंत. म्हातारे म्हातारे विद्यार्थी येतायत, सगळ्यांना तोंडपाठ!"

"ती नका ना म्हणू," लेक म्हणाली. "दुसरं काहीतरी करा. गाणं म्हणा."

"का?"

"आई असणार आहे."

"अगं, म्हणूनच तर!" औषधवाल्याला खरंच काही कळलं नव्हतं. ग्लानी आलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं तो तिला समजावायला लागला. "काकू म्हणजे आमच्या इंग्रजीची आई. मी परदेशी गेलो होतो ना भावाकडे, तिथे हाऊस म्हणायचं की होम, असा प्रश्न आला की माझ्या डोळ्यांसमोर काकू यायच्या. पाण्याचा जग घेऊन! किती प्रेमाने आठवतो आम्ही त्यांना. त्यांना स्टेजवर बोलावून फुलं देणार आहोत आम्ही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, काय बोलणार त्याला! दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. लेकीने दुकानातून उगाच डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि परत आली.

मग उरले बाबा. सर पुढच्या खोलीत रिकाम्या बाकांसमोर पेपर वाचत बसले होते. लेकीने मनाची तयारी केली आणि म्हणाली, "बाबा, उद्या पोरं ती वाक्यं म्हणणार आहेत. तुम्ही नको म्हणून सांगा."

"कुठली वाक्यं?"

"आईची."

"आईची कशी? माझी आहेत ती." सरांनी पेपर खाली घेतला. "उदाहरण आणि टीका यांत फरक असतो. उदाहरणात माणूस नसतो, शब्द असतो."

"शब्द असतो ना? मग एवढ्या वर्षांत 'माय हजबंड' असं एखादं वाक्य का नाही झालं?"

"वाक्य बोलणारा मी. मी माय हजबंड कसं म्हणणार? व्याकरण तरी बघ जरा." सरांना आपल्या उत्तराची गंमत वाटली. ते हसले. "आणि तिला कुठे कळतंय? बघ, किती खुशीत आहे. उगाच तू तिच्या डोक्यात काही भरवू नकोस. विनोद आणि अपमान यांतला फरक तुला अजून कळत नाही. पहिल्यापासून स्लोच."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खूप काही तोंडाशी आलं. पण प्लायवूडच्या पलीकडे आई होती, कपड्यांना इस्त्री करत होती, आणि भिंत आपली म्हणायला भिंत.

लेक आत गेली तर आईने नवा निळा कपडा अंगाला लावून आरशासमोर धरला होता. "बरा दिसतो का गं? बाजारात स्वस्तात मिळाला. स्वस्त वाटत नाही ना?"

"नाही गं," लेक म्हणाली. "छान दिसतो."

"नक्की ना? नाहीतर लोक हसायचे."

"कोणी हसत नाही," लेक म्हणाली, आणि तिला वाटलं आपली जीभ झडेल.

हॉल खच्चून भरला होता. काय सांगायचं, टक्कल पडलेले विद्यार्थी, नातवंडांना घेऊन आलेल्या विद्यार्थिनी. सर स्टेजवर मोठ्या खुर्चीत. पहिल्या रांगेत आई, निळ्या कपड्यात, हातात हातरुमाल, आणि तिला खेटून लेक. भाषणं झाली. प्रत्येक भाषणात आई कोपराने ढोसायची आणि लेक कानात सांगायची. तोवर ठीक चाललं होतं, कारण भाषणांत सरांचीच स्तुती होती. लेकीला वाटायला लागलं, निभतंय बहुतेक.

शेवटी औषधवाला माइकजवळ आला. त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळा हॉल उठून उभा राहिला.

"माय वाइफ हिअर्स मी," हॉल म्हणाला, "बट शी नेव्हर लिसन्स!" आणि चाळीस वर्षांचा हशा एकदम फुटला.

कोपर आलं. "माय वाइफ म्हणाले. काय गं?"

लेक म्हणाली, "म्हणजे... माझी बायको माझं बोलणं नुसतं ऐकत नाही, मनावर घेते."

"हो का? आणि हे?"

"हे पेपराचं. मी पेपर वाचतो तेव्हा ती माझ्या शेजारी असते, असं."

"आणि हे? ड्रेस म्हणाले ना?"

"साधा कपडासुद्धा तिच्या अंगावर भारी दिसतो, असं म्हणतायत."

आईने निळ्या कपड्यावरून हात फिरवला. तेवढ्यात हाऊस-होम आलं. लोक टाळ्या वाजवत, ठेका धरून म्हणत होते. स्टेजवर सर डोळे पुसत होते, हसून हसून. लेक घाईघाईने म्हणाली, "घर माझं असलं तरी ती माहेरी गेली की मला खायला उठतं. असा अर्थ आहे, आई."

"बाई बाई," आई म्हणाली. बस, एवढंच.

मग आईला वर बोलावलं. औषधवाल्याने स्वतः हात धरून पायऱ्या चढवल्या, फुलांचा मोठा गुच्छ दिला आणि तिच्यासमोर माइक धरला. आई चाचपडत म्हणाली, "मला भाषण येत नाही. मी आपली नेहमी दाराआडून ऐकत आले. आज म्हटलं समोरून ऐकावं. परत एकदा म्हणा बघू सगळे."

हॉलने छप्पर डोक्यावर घेतलं. काकूंनी स्वतः फर्माईश केली! पोरं पुन्हा उठली, आणि या वेळी दुप्पट जोरात म्हणायला लागली. आई गुच्छ छातीशी धरून उभी होती. दारात यायची तेव्हाचं हसू तिच्या तोंडावर नव्हतं. ती एकेक रांग बघत होती, हळूहळू, मेथीची जुडी निवडावी तशी एकेक चेहरा. मागची रांग झाली, मधल्या झाल्या, आणि नजर पुढे पुढे यायला लागली. हॉल हाऊस-होमवर पोचला होता.

तेव्हा लेकीच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत. आवाज नव्हता, पण ओठ सगळ्यांबरोबर म्हणत होते, व्हेन माय वाइफ गोज टु हर मदर. क्लासात इतकी वर्षं म्हटलेलं, ते जिभेला चिकटून राहिलेलं. तिने झटकन तोंड मिटलं. वर बघितलं तर आईची नजर पुढच्या रांगेवरून सरकून सरांकडे गेली होती. आईने पाहिलं की नाही, काही कळेना.

घरी आले तेव्हा सर भलत्याच खुशीत होते. जेवणं झाली. कधी नव्हे ते सर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकले आणि कुठला विद्यार्थी केवढा मोठा झाला ते सांगायला लागले. आई भांडी पुसत होती.

"अहो," ती मध्येच म्हणाली, "ती वाक्यं आम्हालाही सांगा की आपल्या भाषेत. आज पहिल्यांदाच समोरून ऐकली."

सर क्षणभर गडबडले, पण जन्मभर उदाहरणं रचलेला माणूस, त्याला काय कठीण! "हिअर-लिसनचं म्हणजे, माझी बायको सगळं ऐकते, पण कधी उलट बोलत नाही."

"असं होय. आणि कपड्याचं?"

"तुला महागाच्या कपड्यांची हौस नाही, असं. साधी राहणी."

"आणि पेपराचं काहीतरी आहे ना?"

"ते... मी तुला पेपर वाचून दाखवतो, ते."

"कधी दाखवलात?"

"अगं, उदाहरण आहे ते!"

"बरं बरं. आणि घराचं?"

"घर मी बांधलं, पण त्याला घरपण आणलंस तू, तुझ्या आईच्या वळणाने," सर म्हणाले, आणि आपल्या हजरजबाबीपणावर स्वतःच खूश होऊन लेकीकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला.

आईने हातातलं ताट रॅकवर लावलं. "हिने तर मला वेगळंच सांगितलं," ती म्हणाली. "हिचं होतं की मी माहेरी गेले की तुम्हाला घर खायला उठतं. कपडा भारी दिसतो म्हणाली ही, तुम्ही म्हणता हौस नाही. दोघांनी आधी एकमेकांशी बोलून तरी घ्यायचं होतं."

सरांनी घसा खाकरला, "भाषांतरात थोडा फरक पडतोच," असं काहीतरी पुटपुटले आणि उठून पुढच्या खोलीत गेले. जाताना दार लोटून घेतलं. जसा काही त्या दाराचा उपयोग होता!

"आता खरं सांग," आई म्हणाली.

लेकीने सांगितलं. सुरुवात होईना, पण एकदा झाली तशी चारही वाक्यं सांगितली, काही न लपवता. आई एकेक पेला घेऊन पुसत होती. घराचं वाक्य ऐकून ती थांबली.

"हे कधी केलं त्यांनी?"

"आजी आजारी होती ना, तू तिकडे होतीस तेव्हा."

"म्हणजे तिकडे माझी आई जात होती आणि इकडे यांना घर मिळालं होतं," आई म्हणाली. तिने पेला पालथा ठेवला. "परत आले त्याच संध्याकाळी हशा झाला होता. मी पाणी घेऊन गेले. मला आठवतंय."

"आई, तुला काय माहीत होतं? तुला इंग्रजी..."

"कौतुकाला कोणी असं हसत नाही गं. तेवढं कळायला इंग्रजी कशाला लागतंय? पहिल्या वर्षीच कळलं मला."

लेकीने विचारलं, "मग हसत हसत यायचीस का दारात?"

"मग काय तोंड पाडून येऊ? आणखी हसली असती."

"आणि मला कशाला सांगायचीस, बाबा बाहेर कौतुक करतात, कौतुक करतात?"

"तू नाही म्हणतेस का ते बघायला." आईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "म्हटलं, लेक शिकतेय, आज ना उद्या म्हणेल, आई, ते तुला हसतायत. मग मी एकटी नाही राहणार. तू आपली दर वेळी, हो गं आई. म्हटलं लहान आहे. मग म्हटलं कॉलेजात गेली की सांगेल. नोकरीला लागली, तिकडे गेली, तरी काही नाही. आज मुद्दाम शेजारी बसवली तुला. आज तरी सांगशील म्हणून."

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं," लेक म्हणाली. ती रडायला लागली होती. "तुझं एवढं एकच सुख होतं, मला वाटलं. ते कसं मोडू?"

"माझं सुख! मला कोणी विचारलं होतं?" आईचा आवाज चढला नाही, पण हातातलं फडकं तिने ओट्यावर आपटलं. "त्यांचं मला काही नाही. तो माणूसच तसा, पहिल्या दिवसापासून. ती पोरं परकी. पण त्या भिंतीपलीकडून सगळ्यांचं हसणं यायचं ना, त्यात तुझं मला वेगळं ओळखू यायचं. तू जोरात हसायचीस."

"बारा वर्षांची होते मी, आई."

"ते सोडलं मी कधीच. पोर होतीस, काय करणार होतीस! पण आज, बाई? आज काय बारा वर्षांची होतीस? ओठ हलत होते तुझे."

जिभेला सवय आहे, म्हणावं, तर ते खरं होतं, आणि खरं असूनही काही कामाचं नव्हतं. ती आईचा हात धरायला गेली. आईने हात काढून घेतला, रागाने नाही, पेले उचलायचे होते म्हणून, निदान तसं दाखवून.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून सरांची हाक आली. "अगं, चहा टाकतेस का जरा?" आवाज नेहमीचा. काही झालंच नाही असा.

आई जागची हलली नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि निळ्या कपड्याच्या बाहीचा सुटलेला दोरा दाताने तोडत राहिली. पुन्हा हाक आली. लेकीने आईकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि काय करावं ते न कळून अर्धवट उठली.

"जा," आई म्हणाली. "दे त्यांना. तुला जमतं दोन्हीकडे राहायला."

लेक उभी राहिली. मग तिने भांड्यात एका माणसापुरतं पाणी घेतलं आणि गॅसवर ठेवलं.